चित्त्याकरवी शिकार, कोल्हापूरची
कोल्हापूर संस्थानात माणसाळविलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करीत. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) कारकीर्दीत या प्रथेस विशेष महत्त्व होते. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत व कळप टप्प्यात येताच टोपी काढून सोडीत. मोगल चित्रांतल्याप्रमाणे येथेही शिकार ही निव्वळ करमणूक नव्हती. हिंस्र श्वापद धन्याच्या आज्ञेत वागते, हे राजसत्तेचेच रूपक होय. परंतु बंदिवासात चित्त्याची वीण सहसा होत नसल्याने प्रत्येक जनावर रानातूनच धरावे लागे. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर संस्थानाने ते आफ्रिकेतून आणविले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली श्वापदे पाहावयास मिळतात.