रंगीत टीव्ही आला, तरी जुना टीव्ही बंद का पडला नाही?

5जी आलं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल, "माझ्या 4जी फोनवर चालेल का?" उत्तर सरळ होतं, नाही. 5जीचा सिग्नल जुन्या फोनला कळतच नाही. पण 1982 मध्ये टीव्ही रंगीत झाला, तेव्हा उलट घडलं. रंगीत कार्यक्रम घरातल्या जुन्या संचावरही आरामात दिसत होते, फक्त काळे-पांढरे.

आधी थोडा इतिहास. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पहिली दहा वर्षं सगळं कृष्णधवल. त्या वेळचे नभोवाणी मंत्री वसंत साठे (आपले विदर्भातलेच) रंगीत प्रसारणाच्या मागे लागले होते. गरीब देशाला ही चैन कशाला, अशी टीकाही जोरात होती. शेवटी 15 ऑगस्ट 1982 ला दिल्लीचा स्वातंत्र्यदिन सोहळा रंगीत दिसला आणि 19 नोव्हेंबरपासून एशियाड. त्यासाठी परदेशी संच आणि सुटे भाग आणायला सरकारने सवलतीही दिल्या.

तरी घरोघरी लगेच रंगीत टीव्ही आला असं अजिबात नाही. नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात जायचे. मग लोक काय करायचे? जुन्या टीव्हीच्या काचेपुढे रंगीत प्लास्टिकचा पडदा लावायचे, वर निळा, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं दिसलं तरी चालायचं! मला हा जुगाड फार आवडतो, कारण हौस आणि ऐपत यांच्यातलं अंतर त्यात स्पष्ट दिसतं. आणि गंमत म्हणजे ज्यांनी खरा रंगीत संच घेतला, त्यांच्याकडेही शनिवारचा जुना मराठी सिनेमा काळा-पांढराच दिसायचा. मुळात चित्रपटच तसा ना!

आता मुख्य मुद्दा. एकच सिग्नल दोन्ही संचांवर कसा चालायचा?

आपल्याकडे 'पाल' ही पद्धत घेतली होती. तिच्यात चित्राचे दोन भाग करतात. पहिला उजेडाचा, म्हणजे कुठे किती प्रकाश आहे ते. हा लाल, हिरवा, निळा मिसळून बनतो, पण सारख्या प्रमाणात नाही: साधारण 59 टक्के हिरवा, 30 लाल आणि फक्त 11 निळा, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो. दुसरा भाग रंगाचा. तो त्याच चॅनेलमध्ये, वेगळ्या लहरीवर बसवून पाठवायचे. जुना संच पहिला भाग वाचून गप्प बसायचा, नवा दोन्ही वाचायचा.

हे किती महत्त्वाचं होतं, ते अमेरिकेत आधीच कळलं होतं. तिथे 1951 मध्ये जुन्या संचांवर न दिसणारी रंगीत पद्धत सुरू झाली आणि काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. कुणाकडे संचच नव्हते, बघणार कोण? 1953 च्या अखेरीस जुन्या संचांवरही दिसणाऱ्या पद्धतीला मंजुरी मिळाली.

आपल्याकडेही त्यामुळे कुणावर घाईची वेळ आली नाही. 1984 मध्ये देशभर भराभर प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं. रंगीत टीव्हीवाल्या घरात गर्दी व्हायची, पण काळा-पांढरा संच असलेलं घरही त्यातून सुटलं नाही. असे संच 90 च्या दशकातही विकले जात होते.

आणि हीच युक्ती आज तुमच्या खिशात आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन ग्रेस्केल करा आणि एखादा व्हिडिओ लावा. सगळं समजतं ना? रंगाचे बारीक तपशील डोळा फारसे पकडत नाही, म्हणून फोनवरच्या बहुतेक व्हिडिओंत प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा साठवतात, रंग मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. डेटा वाचतो तो असा.