हँगर, घरगुती : पुनर्वापर आणि कचरा-कपात (जबलपूर)

कपड्यांचा हँगर घरात वर्षानुवर्षे टिकतो, पण मोडला की सुक्या कचऱ्यातली अडचणीची वस्तू होतो. कारण तो क्वचितच एका पदार्थाचा असतो. दुकानातून कपड्यासोबत येणारा पातळ, कडक हँगर बहुधा पॉलिस्टायरीनचा (त्रिकोणात ६), जरा लवचिक असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा (५) आणि वरचा हूक पोलादी. मखमली हँगरवर कृत्रिम तंतूंचा थर चिकटवलेला असतो. काळा रंग आणखी एक अडथळा: त्यातली काजळी अवरक्त किरण शोषते, त्यामुळे प्लास्टिक ओळखणाऱ्या यंत्रांना काळा हँगर दिसतच नाही.

जबलपूरमध्ये कठौंदा येथे २०१६ साली कचरा जाळून वीजनिर्मिती करणारा ११.५ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. भट्टीत गेलेल्या हँगरचे प्लास्टिक उष्णता देते आणि कायमचे संपते. हूक तेवढा राखेत उरतो. म्हणून हँगर भट्टीपर्यंत पोहोचण्याआधी, घरातच वेगळा होणे महत्त्वाचे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे नागरिकांवर बंधनकारक केले. हँगर सुक्यात मोडतो.

हूक काढणे हे सगळ्यात उपयोगाचे काम. मानेत नुसता बसवलेला हूक पक्कडीने पिळून ओढला की निघतो. प्लास्टिक ओतताना आत अडकवलेला असेल तर मान फोडावी लागते, आणि तेव्हा डोळे जपावेत, कारण पॉलिस्टायरीनचे टवके उडतात. एकेक हँगर कबाडीवाल्याला नकोसा असतो, कारण त्याला वजन नाही. प्लास्टिक आणि लोखंड वेगळे करून पिशवीभर साठवले, तर तो ते घेण्याची शक्यता वाढते.

तारेचा हँगर सरळ लोखंडाच्या भंगारात जातो. मात्र जबलपूरच्या दमट पावसाळ्यात त्यावरचा मुलामा उडाला की गंज कपड्यावर उमटतो, तेव्हा वेळीच बदलावा. चांगले हँगर लॉन्ड्रीवाल्याला परत द्यावेत. खरी बचत त्याही आधी होते: कपडा घेताना हँगर दुकानातच काढून ठेवायला सांगावा. दुकानदार तो पुन्हा वापरतो, आणि घरात ती भर पडतच नाही. लाकडी हँगरचा हूक सैल झाला तर नवा स्क्रूचा हूक बसवून तो पुन्हा कामाला येतो.