दोन मैल

धुळे ते चाळीसगाव 56 किलोमीटर. बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा घेत गाडी तासा-सव्वातासात पोचवते. 1900 साली ही लाइन पडली, तेव्हापासून अंतर तेवढंच आहे. तुम्ही खिडकीशी डुलकी काढता. जाग येते तेव्हा पुढे वाफेचं इंजिन धापा टाकतंय आणि तुमच्या बाहीवर कोळशाची कणी पडलीय. ऑक्टोबर 1929.

चाळीसगावच्या फलाटावर माणसं हार घेऊन उभी आहेत. ज्यांच्यासाठी उभी आहेत ते तुमच्याच गाडीतून उतरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय 38. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद. धुळे लाइनवरच्या एका गावात सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून परततायत. खरं तर इथून थेट मुंबई गाठायची होती. लोकांनी फार आग्रह केला म्हणून रात्रीचा मुक्काम.

महारवाडा दोन मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनबाहेर टांगे उभे आहेत, रिकामे. तरी कोणी हलत नाही. दहा मिनिटं, वीस, चाळीस. आपण कशासाठी खोळंबलोय हे बाबासाहेबांना कळत नाही. तुम्हाला कळतं, कारण तुम्ही बाहेर टांगेवाल्यांच्या घोळक्यात आहात. महाराला बसवून टांगा हाकणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दिवसभर घोड्याच्या शेपटीमागे बसून पोट भरणारा माणूस बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलंय.

पायी निघाले असते तर एव्हाना पोचलेही असते. पण पाहुण्याला पायपीट करायला लावणं या माणसांना कसंसंच वाटतं. शेवटी तोड निघते: टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. टांगा हाकणं यांच्यापैकी कोणाचाच धंदा नाही. तरी एकजण लगाम धरतो. त्यात काय एवढं!

तासाभराने टांगा फलाटाशी लागतो. आत हाकणारा आणि बाबासाहेब, दोघंच. दोनशे पावलांवरच समोरून मोटार येते. पोलीस ओरडतो, मोटारवाला गाडी मागे घेतो, म्हणून निभावतं. हाकणाऱ्याचे हात आता थरथरतायत. तुम्ही बाकीच्यांबरोबर आडवाटेला लागता.

आणि टांग्याच्या आधी पोचता.

पलीकडच्या काठावरून नदीवरची फरशी दिसते. तिला कठडा नाही, नुसते पाच-दहा फुटांवर एकेक दगड रोवलेले. रस्त्यावरून फरशीवर यायला काटकोनात वळावं लागतं. टांगा वळतो. पहिल्याच दगडापाशी घोडा बुजतो, उधळतो, चाक दगडावर आदळतं. आतला माणूस उचलला जाऊन फरशीच्या दगडांवर फेकला जातो. घोडा आणि टांगा खाली नदीत.

बायका-पोरांचा आकांत उठतो. बेशुद्ध बाबासाहेबांना उचलून वस्तीत आणतात. उचलणाऱ्यांत तुमचेही हात आहेत. पाय मोडलाय.

पुढे ते विचारतात, या फरशीवरून रोज टांगे जातात-येतात, मग आजच असं कसं झालं? भोवतीची माणसं एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी मान खाली घालून सांगायला लागतं.