पोकर, ऑनलाइन : आधी बोलण्याच्या जागेवरून ड्रॉ खेळणे

टेक्सास होल्डम या पोकरप्रकारात हात पुरा व्हायला एका पत्त्याची वाट पाहावी लागते, अशा हाताला ड्रॉ म्हणतात. एका रंगाचे चार पत्ते जमले असतील तर फ्लश ड्रॉ, ओळीतले चार जमले असतील तर स्ट्रेट ड्रॉ. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते, उघडल्यावर प्रत्येक फेरीत ज्याला आधी बोलावे लागते त्याची जागा वाईट, आणि शेवटी बोलणाऱ्याची चांगली मानली जाते. ड्रॉ आणि वाईट जागा एकत्र आल्यावर होणारा तोटा बहुतेक खेळाडू नशिबाच्या खाती टाकतात. प्रत्यक्षात तो बोलण्याच्या क्रमातून आणि खेळ चालवणाऱ्याच्या कपातीतून येतो. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादातही या दोन गोष्टी मोजल्याशिवाय निकाल लागत नाही.

गणित. हातात बदामाची अठ्ठी आणि नव्वी आहे. फ्लॉपवर बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि किलवरची सत्ती आली. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदामाचे ९ उरतात, म्हणजे पुढच्याच पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आणि उरलेले दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तर ३५ टक्के. पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, १०० रुपयांचा असून समोरच्याने ५० लावले, तर ५० रुपये भरून २०० च्या पॉटसाठी खेळायचे, म्हणजे किमान २५ टक्के शक्यता हवी. एका पत्त्यापुरती ती नाही. ही तूट भरून काढायची तर फ्लश लागल्यावर समोरच्याकडून सरासरी आणखी ६१ रुपये निघायला हवेत, तेही लागलेला फ्लश दर वेळी जिंकतो असे धरून. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या ग्रंथात ज्या ‘इम्प्लाइड ऑड्स’ची मांडणी केली, त्या याच. हे ६१ रुपये काढणे आधी बोलणाऱ्याला अवघड जाते. टेबलावर तिसरे बदाम पडल्यावर त्याने पैसे लावले तर समोरचा सावध होतो. त्याने चेक केले, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली, तर समोरचाही चेक करून पुढचा पत्ता फुकटात पाहतो. बदाम पडलेच नाही तर पुन्हा त्यालाच आधी चेक करावे लागते आणि दुसरी बेट अंगावर येते, मग कागदावरचे ३५ टक्के हाती न येताच पत्ते टाकावे लागतात. शेवटी बोलणारा मात्र याच ड्रॉवर चेक करून टर्नचा, म्हणजे टेबलावरचा चौथा, पत्ता फुकटात पाहू शकतो.

पुरावा. जागेची किंमत हा केवळ अनुभवी खेळाडूंचा समज नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा लिमिट होल्डम संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवला. दोघेही निर्दोष खेळले तरी डीलरच्या जागेवरचा, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणारा खेळाडू हजार डावांत सुमारे ८८ बिग ब्लाइंडइतका पुढे राहतो, असे त्यातून निघाले (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायची मोठी रक्कम). नो-लिमिटमध्ये बेटला मर्यादा नसल्याने क्रमाचे वजन वाढत असावे, पण तो आकडा या प्रयोगातून काढता येत नाही.

आक्षेप. आधी बोलणाऱ्याकडे चेक-रेझचे, म्हणजे आधी चेक करून मग समोरच्याची बेट वाढवण्याचे, हत्यार असते. ड्रॉवर रेझ केली की समोरचा पत्ते टाकू शकतो, आणि त्याने टाकले नाहीत तरी फ्लश लागण्याची आशा उरते. हे खरे आहे, आणि वाईट जागेवरचा उत्तम खेळ याच चालीवर उभा असतो. मात्र तिचा फायदा समोरचा पत्ते टाकण्यावर अवलंबून आहे. कमी पैशांच्या ऑनलाइन टेबलांवर हलक्या हातांनीही कॉल करत राहणारे खेळाडू पुष्कळ असतात, तिथे ही चाल महागात पडते. दुसरा आक्षेप असा की बिग ब्लाइंड भरणाऱ्याला सवलतीत फ्लॉप पाहायला मिळतो, म्हणून त्याने ड्रॉ सोडू नये. सवलत फ्लॉपपुरती असते. पुढच्या प्रत्येक फेरीत जागेचे मोल नव्याने मोजावे लागते. एक्क्याचा फ्लश ड्रॉ आणि १५ पत्त्यांवर सुटणारा, फ्लश आणि स्ट्रेट दोन्हींचा जोडड्रॉ हे खरे अपवाद आहेत. दुसऱ्यात दोन पत्त्यांवर सुटण्याची शक्यता ५४ टक्के असते, त्यामुळे तो कुठल्याही जागेवरून जोरात खेळता येतो.

 

रेक. खेळ चालवणारी कंपनी पॉटमधून जो वाटा कापते तो रेक. वरच्याच डावात ५ टक्के रेक धरला तर फ्लशनंतर काढायचे ६१ रुपये ७९ वर जातात. मोठ्या पॉटमध्ये रेकला कमाल मर्यादा असते, लहान पॉटमध्ये टक्केवारी पुरी लागते. म्हणून थोड्या पैशांवर खेळणाऱ्याला, पत्ते कितीही नीट खेळले तरी, ती अधिक जाचते. यात १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के उद्गम करकपात आली होती. चांगल्या जागेवर खेळाडूचे कौशल्य जे मिळवत असे, त्यातले बरेच या मार्गाने निघून जात असे.

धाराशिव जिल्हा आणि कायदा. कौशल्य की नशीब हा वाद कायद्यातही आहे, आणि त्याचे एक टोक धाराशिवच्या जुन्या कायद्यापाशी जाते. हा, पूर्वीचा उस्मानाबाद, जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथला जुगार कायदा फसली सन १३०५ चा. पत्त्यांवरचा भारतातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा निकाल याच कायद्याखालचा आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवरील छाप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६७ मध्ये ठरवले की रमीत पत्ते लक्षात ठेवणे, धरणे आणि टाकणे याला कौशल्य लागते. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. त्याच निकालात पुढे असेही आहे की क्लबचा मालक डावावर लावलेल्या पैशांतून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. ऑनलाइन खेळांच्या समर्थनात पहिला भाग वारंवार पुढे आला, दुसरा मागे राहिला. प्रस्तुत विषयात दुसराच अधिक महत्त्वाचा आहे, कारण रेक म्हणजे डावातून काढलेला नफाच. पोकरबाबत मते जुळली नाहीत. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तो जुगाराच्या व्याख्येतून वगळला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. महाराष्ट्रात १८८७ च्या कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते. धाराशिव पोलिसांच्या कारवाईत वर्षानुवर्षे दिसतो तो तिरट आणि मटका, कलम १२(अ) खाली. मोबाइलवर एकट्याने खेळणारा या छाप्यांच्या टप्प्यात येत नाही. जून २०२५ मध्ये जिल्ह्यातील एका तरुण कुटुंबाचा अंत वर्तमानपत्रांनी ऑनलाइन रमीतल्या कर्जाशी जोडला, तेव्हा छापे आणि मोबाइलवरचा खेळ यांतले हे अंतर ठळक झाले.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच काढून टाकला आणि पैशांवरचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.