राधानगरची वाळू : एका ‘सर्वोत्तम’ किनाऱ्याचा मागोवा

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीपासून समुद्र लांब आहे. सातपुड्याच्या या भागातलं पाणी नर्मदेला नाहीतर तापीला मिळतं, आणि या दोन्ही नद्या ज्या खंभातच्या आखाताला जाऊन भिडतात, तिथे काठावर वाळू कमी आणि चिखल फार. तरीही अंदमानचा एक किनारा काठीच्या माणसांच्या हातांतून वर्षानुवर्षं फिरला. २००१ साली रिझर्व्ह बँकेने वीस रुपयांची लालसर नोट काढली. तिच्या पाठीवर माडांची दाटी, त्यामागे पाणी, पलीकडे डोंगर आणि दीपगृह. ते दृश्य पोर्ट ब्लेअरचं आणि तो डोंगर म्हणजे माउंट हॅरियट. काठीजवळच्या मोलगीच्या बाजारात आमचूर विकून, मोहफुलं विकून जे पैसे कनवटीला लागायचे, त्यांत ही नोट असायचीच. २०१९ मध्ये हिरवट-पिवळी नवी नोट आली आणि माडांच्या जागी वेरूळची लेणी बसली.

नोटेवरचं चित्र गेलं, पण अंदमान तोवर मराठी मध्यमवर्गाच्या सहलींच्या यादीत पक्कं बसलं होतं. ‘तिथला सर्वांत चांगला किनारा कोणता?’ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं : हॅवलॉक बेटावरचं राधानगर. हे उत्तर आज इतकं सरावाचं झालंय की ते कुणी ठरवलं आणि कधी, हे विचारायचं राहूनच जातं.

या किनाऱ्यांचे पहिले धनी अंदमानी, ओंगी आणि जारवा. त्यांच्यासाठी किनारा म्हणजे मासे, कासवं, शिंपले मिळण्याची आणि होडी लावण्याची जागा. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे त्यांचे ढीग संशोधकांना बेटांवर ठिकठिकाणी सापडले. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर या नौदल अधिकाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे वसाहत उभी केली. रोगराईने ती टिकू दिली नाही आणि १७९६ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पुढची सहा दशकं इंग्रजांना या बेटांची गरज पडली नाही. ती १८५७ च्या उठावानंतर पडली.

त्या उठावाची झळ सातपुड्यालाही लागली होती. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे भिल्ल उभे राहिले. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला कंपनीच्या फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. काठी तेव्हा मेहवासी संस्थानांपैकी एक. तिथल्या राजवाडी होळीला आजही सातपुडाभरातून माणसं लोटतात. काठीच्या पूर्वेला, त्याच डोंगररांगेत आणि त्याच नर्मदेच्या काठी बडवानीचा मुलूख लागतो. भीमा नाईक तिथला. अंबापाणीनंतरही तो कित्येक वर्षं डोंगरात लढत राहिला. अखेर पकडला गेला, काळ्या पाण्यावर धाडला गेला आणि २९ डिसेंबर १८७६ ला पोर्ट ब्लेअरला मरण पावला. समुद्र कधी न पाहिलेल्या मुलखातला हा माणूस. सातपुड्याची आणि अंदमानच्या किनाऱ्याची ओळख झाली ती अशी.

उठावातल्या दोनशे कैद्यांना घेऊन डॉ. वॉकर १० मार्च १८५८ ला बेटावर उतरले, तेव्हापासून इथल्या समुद्राकडे कुंपण म्हणूनच पाहिलं गेलं. किनारा जितका निर्जन तितका सरकारला सोयीचा, कारण पळून जाणाऱ्याला पुढे पाणी आणि मागे जंगल. आज जाहिराती ज्या एकांताचे पैसे लावतात, तोच एकांत तेव्हा शिक्षेचा भाग होता.

समुद्रकाठी मौजेसाठी जावं, ही कल्पना तेव्हा विलायतेतही फार जुनी नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्यात डुंबणं आणि ते पिणंसुद्धा औषध म्हणून सांगितलं, आणि ब्रायटन या मासेमारांच्या गावाचं नशीब फळफळलं. आधी रोगी आले, मग राजघराणं, १८४१ मध्ये रेल्वे पोचल्यावर लंडनचा कष्टकरीही. हिंदुस्थानात मात्र साहेब हवापालटाला समुद्राकडे पाठ करून डोंगर चढला : महाबळेश्वर, पुढे माथेरान. त्याच्यामागून आपला सुशिक्षित वर्गही तिकडेच गेला. आपल्याकडे समुद्र होता तो नारळी पौर्णिमेचा, पर्वणीच्या स्नानाचा आणि कोळ्यांच्या पोटापाण्याचा. गोव्यात मे महिन्यात खाऱ्या पाण्यात न्हायला किनाऱ्यावर जाऊन राहायची रीत होती, पण तीही तब्येतीसाठी.

अंदमानात देखावा पाहायला थांबलेला एक पाहुणा मात्र इतिहासात नोंदला गेला आहे, तोही भलत्याच कारणाने. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ ला वसाहतीची पाहणी करायला आले होते. दिवसभराची कामं आटोपल्यावर ते माउंट हॅरियट चढले. तिथे आरोग्यधाम उभारता येईल का हे त्यांना पाहायचं होतं, आणि सूर्यास्तही पाहायचा होता. दोन्ही पाहून झालं. अंधार पडता पडता खाली होपटाउनच्या धक्क्यावर ते नावेकडे निघाले असताना शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना सुऱ्याने भोसकलं. आरोग्यधामाचा बेत तिथेच संपला. नोटेवरचा डोंगर तो हाच. २०२१ मध्ये त्याचं नाव माउंट मणिपूर झालं. १८९१ च्या लढाईनंतर मणिपूरच्या राजबंद्यांना तिथे ठेवलं होतं.

मराठी घरांत अंदमान पोचलं ते सावरकरांमुळे. त्यातही एक विलक्षण योग आहे. डिसेंबर १९०९ मध्ये सावरकर ब्रायटनच्या किनाऱ्यावर होते, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीची प्रथा जिथे रुजली त्याच गावात. मायभूमीच्या ओढीने समुद्राला साद घालणारी त्यांची कविता तिथलीच. त्यानंतर दीड वर्ष उलटलं असेल-नसेल, जुलै १९११ मध्ये ते पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये कोलू ओढायला पोचले. थोरले बंधू बाबाराव आधीच तिथे होते. ‘माझी जन्मठेप’ने या तुरुंगाचा नकाशा मराठी वाचकाच्या मनात असा कोरला, की त्या बेटांवर पुळणही असेल हे कुणाच्या ध्यानीही आलं नसेल. ११ फेब्रुवारी १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी तुरुंगाला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. मराठी पर्यटकाचं अंदमान आजही या कोठड्यांपासून सुरू होतं. आधी तीर्थयात्रा, मग सुट्टी, असा हा क्रम आहे. किनारे मागाहून जोडले गेले.

ते ज्यांनी राहण्याजोगे केले, ती माणसं वेगळीच. जंगलतोडीसाठी १९१८ पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर आणले गेले. बेटांवर त्यांना आजही ‘रांचीवाले’ म्हणतात. मग १९४२ ते १९४५ जपान्यांचा अंमल आला आणि किनाऱ्यांवर काँक्रीटचे बंकर उभे राहिले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना १९४९ पासून बेटांवर जमिनी मिळू लागल्या. हॅवलॉक त्यांनीच वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही वैष्णव वळणाची नावं त्यांचीच. पुळणींना मात्र नुसते आकडे पडले : गोविंदनगरची तीन नंबर, विजयनगरची पाच, राधानगरची सात. या माणसांना हवी होती भातशेती, नारळ, सुपारी. वाळू पिकत नाही, त्यामुळे पुळणीला शेतकऱ्याच्या लेखी मोल नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या लेखी मात्र होतं. बेटांवर बांधकाम वाढलं तशी वाळू किनाऱ्यांवरूनच उपसली जाऊ लागली आणि लाकूड जंगलातून. ७ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने शेखर सिंह आयोगाच्या अहवालावरून आदेश दिला. झाडतोडीला लगाम बसला आणि वाळूउपसा टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं गेलं. सहलीच्या पत्रकात हा आदेश कुठे छापलेला नसतो. आजचं राधानगर समजून घ्यायला मात्र तोच आधी वाचावा लागतो.

कारण राधानगरला गेल्यावर पाण्याच्याही आधी नजरेत भरतात ती झाडं. वाळू संपते तिथेच उंच, सरळसोट खोडांची भिंत सुरू होते. तिथे या झाडाला समुद्री महुआ म्हणतात. शास्त्रीय नाव मॅनिल्कारा लिटोरालिस. आपल्या चिकूचा हा सख्खा भाऊबंद आणि सातपुड्यातल्या मोहाच्याही कुळातला. लाकूड इतकं कठीण, की इंग्रजी व्यापारात त्याला बुलेटवुड म्हणत. मुळं वाळू धरून ठेवतात, सावली दुपारची तलखी कमी करते आणि मागचं जे काही असेल ते झाकून टाकते. पुढ्यात दोनेक किलोमीटरची पश्चिममुखी पुळण, पायाला खडक न लागणारा उतार, फिकट हिरवं होत निळं पडत जाणारं पाणी. इथे एके काळी लाकूड ओढायला आणलेला राजन नावाचा हत्ती म्हातारपणी समुद्रात पोहायचा आणि त्याला बघायला परदेशातून माणसं यायची. तो २०१६ मध्ये गेला.

‘सर्वोत्तम’ हा शिक्का बसला २००४ मध्ये. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं. न्यायालयाच्या आदेशाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. निकोबार आणि लिटल अंदमानची वाताहत झाली, दक्षिण अंदमानची जमीन खचून शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली, उत्तरेला जमीन वर उचलली गेली आणि प्रवाळ उघडे पडून मेले. हॅवलॉक त्या मानाने वाचलं. पर्यटन सावरलं तेव्हा बोटी तिकडेच वळल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीवर अंदमानला विमानाने जाण्याची मुभा दिली आणि पुण्या-नाशिकच्या सरकारी घरांतून मंडळी निघाली. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७ चा उठाव चिरडणारे सेनानी, आणि त्याच उठावातले कैदी इथे आणलेले. हा विरोधाभास दुरुस्त व्हायला एकशे साठ वर्षं गेली. २०२० मध्ये डेन्मार्कमधल्या एका संस्थेचा ‘ब्लू फ्लॅग’ राधानगरला मिळाला. पाण्याची शुद्धता, स्वच्छता, सुरक्षा अशा ३३ निकषांवर तो मिळतो, आणि भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत राधानगर होतं.

मग राधानगर खरोखरच सर्वोत्तम आहे का? पोहायला, बसायला आणि सूर्यास्त पाहायला त्याच्या तोडीचे किनारे थोडे, हे मान्य करायला हवं. पण त्याचं मोठेपण तिथे जे होऊ दिलं नाही त्यात आहे : झाडं तुटली नाहीत आणि पुळणीवर हॉटेलांची रांग आली नाही. शिवाय हा मान सगळ्या कामांना लागू नाही. प्रवाळ पाहायचे तर एलिफंट बीचला जावं लागतं. विजयनगरला सूर्योदय सुरेख, पण ओहोटीला पाणी लांब जातं आणि उघड्या खडकांत पोहता येत नाही. जारवांच्या आणि सेंटिनेली लोकांच्या किनाऱ्यांवर तर जायचंच नाही; कायदाही तेच सांगतो. राजवाडी होळीला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी काठीने पाहिली आहे. दुसऱ्याच्या घराचा देखावा करणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते मार्च समुद्र शांत असतो. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला बुडतो, तेव्हा चहा घेऊन सहाला किनाऱ्यावर पोचणाऱ्याच्या हाती अंधार येतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित तिथे चालत नाही, स्थानिक तक्ता विचारावा. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा फलक दिसला तर तो शोभेचा समजू नये; २०१० मध्ये हॅवलॉकलाच एका पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला होता.

आणि किनारा निवडताना याद्या जरा बाजूला ठेवाव्यात. वाळूच्या मागे झाडं उभी आहेत का, वाळू उपसली जात नाही ना, पुळणीवर सर्वांना फुकट आणि मोकळेपणी जाता येतं का, एवढं बघावं. या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर तो किनारा सर्वोत्तम, मग तो हॅवलॉकला असो की वेंगुर्ल्याजवळ भोगव्याला.