उशी काढल्यानं काय होतं?

कोल्हापुरात पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन सीझर झालेल्या बाईला घरची वडीलधारी माणसं हमखास बजावतात: मान उचलू नको, उशी घेऊ नको, नाहीतर डोकं दुखेल. या धाकाला आधार आहे. १८९८ साली कील शहरात सर्जन ऑगस्ट बीअरनं अशी भूल आजमावायला स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. सिरिंज सुईला नीट बसेना, मणक्यातलं पाणी वाहून गेलं. पुढं कित्येक दिवस उठलं की डोकं ठणके, आडवं झालं की थांबे. मग पथ्य बरोबरच, असं कुणी म्हणेल. पण आडवं पडल्यानं दुखणं दबतं, टळत नाही. पाणी झिरपतं ते सुईनं पाडलेल्या भोकातून. म्हणून हार्ट आणि व्हिटाकर यांच्या १९५१ च्या पेन्सिलटोकी सुईनं, आणि बारीक सुयांनी, जे साधलं ते उशी काढून साधलं नाही. तरीही दुखलं, तर गोळ्या, भरपूर पाणी, कॉफी. त्यानं भागलं नाही, तर रुग्णाचंच थोडं रक्त पाठीत सोडून भोक बुजवतात. ही गॉर्म्लीची १९६० ची युक्ती.