फुलांचा अर्थ कोण ठरवितो?

मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूस, वसईच्या पूर्वेकडे, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशीं सातिवली हें गांव आहे. आज तेथें भातशेतीपेक्षां कारखान्यांचे गाळेच अधिक दृष्टीस पडतात, आणि पालघर जिल्ह्यांतील वसई-विरार शहराचा एक भाग म्हणून तें ओळखलें जातें. तथापि फुलांच्या इतिहासाचा विचार करावयाचा झाल्यास याहून सोयीचें ठिकाण शोधूनहि सांपडणें कठीण. डोंगरांत तुंगारेश्वराचें शिवमंदिर, वायव्येस कांहीं कोसांवर सोपारें म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदर, आणि पश्चिमेस खाडीच्या मुखाशीं वसईचा किल्ला व त्याच्या आसपासचीं ख्रिस्ती देवालयें. शैव, बौद्ध आणि ख्रिस्ती अशा तीन परंपरांनीं या एवढ्याशा टापूंत आपापल्या उपास्य देवतेपुढें फुलें वाहिलीं. माती एकच, परंतु प्रत्येकीनें फुलांत पाहिलेला अर्थ मात्र निराळा. हे अर्थ मुळांत फुलाच्या ठायीं असतात कीं मनुष्य ते त्यास चिकटवितो, हा प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा नाहीं. त्याच्या उत्तरावर पुष्कळांचें सुखदुःख अवलंबून राहिलें आहे.

प्रथम शिवमंदिरांतील पूजा पाहावी. जें फूल कोणी वेणींत माळीत नाहीं, ज्याच्या बियांत विष आहे, तें धोतऱ्याचें फूल शंकरास प्रिय मानलें आहे. हलाहल पचविणाऱ्या देवास विषारी झाडाचें फूल वाहणें यांत एक सरळ संगति आहे. उलट, ज्याच्या सुवासानें सारें घर दरवळतें, तो केवडा शंकरास वर्ज्य. ब्रह्मदेवाच्या बाजूनें केतकीनें खोटी साक्ष दिली व त्याबद्दल तिला शाप मिळाला, ही पुराणकथा सर्वांच्या परिचयाची आहे. पण गंमत अशी कीं, पित्यास वर्ज्य झालेल्या केतकीचें पान पुत्राच्या, म्हणजे गणपतीच्या, पत्रींत मानानें येतें; आणि केवड्याचें पातें श्रावण-भाद्रपदांत सुवासिनींच्या वेण्यांतहि मिरवतें. एकाच धर्मांत, एकाच कुटुंबांतील दोन देवांपुढें एकाच झाडाचा अर्थ असा पालटतो.

सोपाऱ्याची गोष्ट याहून जुनी आहे. तेथील एक मोठें टेंकाड स्थानिक लोक ‘बुरुड राजाचा कोट’ या नांवानें ओळखीत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणविलें, तेव्हां तो बौद्ध स्तूप असल्याचें आढळून आलें. आंत एक मोठी दगडी मंजूषा होती. तिच्यांत तांब्याचा करंडक, त्याच्या भोंवतीं बुद्धांच्या आठ लहान मूर्ति, आणि त्या करंडकाच्या पोटांत एकांत एक असे रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक. अगदीं आंतल्या सोन्याच्या करंडकांत काय असावें? मातीच्या भांड्याचे कांहीं लहान तुकडे. ते भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, अशी समजूत आहे. त्यांच्या सोबतीस सोन्याचीं बारीक फुलें ठेविलेलीं होतीं, आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याचें रुप्याचें नाणेंहि होतें. या वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत. सोनाराकडून फूल घडवून घेण्याचें प्रयोजन उघड आहे. बागेंतलें फूल संध्याकाळीं कोमेजतें. आणि सर्व कांहीं नाश पावणारें आहे, ही शिकवण त्या कोमेजणाऱ्या फुलावरूनच बौद्ध उपासकास रोज दिली जात असे. तरी त्याच उपासकांनीं न कोमेजणारीं फुलें घडवून मंजूषेंत ठेविलीं. उपदेश अनित्यतेचा असला, तरी भक्तीला आपली खूण टिकावी असें वाटत होतें.

याच शूर्पारकाची आणखी एक कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथांतील पूर्णावदानांत आली आहे. पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्यानें पुढें प्रव्रज्या घेतली. शूर्पारकांत बुद्धासाठीं चंदनाचा प्रासाद उभारला गेला, तेव्हां बुद्ध दूर श्रावस्तीस होता. त्यास निमंत्रण कसें धाडावें? पूर्णानें श्रावस्तीच्या दिशेस तोंड करून, भक्तिपूर्वक प्रार्थना करीत फुलें उधळलीं. तीं फुलें आकाशमार्गानें जेतवनांत गेलीं व बुद्धावर त्यांचा मंडप झाला. आणि हें शूर्पारकाचें निमंत्रण आहे, हें त्यानें ओळखलें. महाराष्ट्रांत लग्नाचें आमंत्रण देतांना अक्षत देण्याची चाल आहे. तिच्याशीं या कल्पनेचें नातें सहज ध्यानीं येण्यासारखें आहे. सोपाऱ्याच्या या कथेंत फूल हें पत्रच होऊन बसलें.

आतां वसईकडे वळूं. डिसेंबर १५३४ मध्यें गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांस दिली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. सुमारे २०५ वर्षांच्या या काळांत पोर्तुगिजांच्या व स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून अमेरिकेंतील पुष्कळ झाडें पूर्वेकडे आलीं. मिरची, अननस, काजू हीं खाण्याचीं, तशींच शोभेचींहि. ज्यावांचून मराठी घराचा दसरा होत नाहीं तो झेंडू मूळचा मेक्सिकोंतील आहे. तेथील नाहुआत्ल भाषेंत त्यास ‘वीस फुलांचें फूल’ या अर्थाचें नांव आहे, आणि तेथें आजहि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशीं पितरांच्या स्मरणार्थ तें थडग्यांवर व घरांतील वेदींवर वाहतात. त्याच्या रंगानें व वासानें मृतांस घरची वाट सांपडते, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. मेक्सिकोंत जें मृतांना वाट दाखवितें, तेंच फूल येथें सीमोल्लंघनाच्या दिवशीं दारावर तोरण होऊन जयाची वाट दाखवितें. निशिगंधहि तिकडचाच. मेक्सिकोंतील त्याच्या जुन्या नांवाचा अर्थ ‘हाडांचें फूल’ असा आहे. आणि इकडे मात्र नवरीच्या हारांत त्यास पहिला मान मिळतो.

पांढऱ्या चाफ्याची कथा तर याहूनहि विलक्षण आहे. तोहि अमेरिकेंतूनच आला. पण देवळांच्या आवारांत तो इतका रुजला कीं, लोक त्यास देवचाफा म्हणूं लागले. सिंहलद्वीपांत तो बुद्धविहारांत फुलतो. लाओसनें त्यास आपलें राष्ट्रीय पुष्प मानलें असून, त्याच्या तेथील ‘डोक चंपा’ या नांवांत आपला चंपकच लपलेला आहे. उलट मलाया व जावा बेटांत तो कबरस्तानांत लावतात, आणि म्हणून पुष्कळांस तो घराजवळ नकोसा वाटतो. एकच झाड, एकच सुवास. एका बंदरांत तो देवाचा, दुसऱ्या बंदरांत तो स्मशानाचा.

पोर्तुगिजांबरोबर फुलांविषयींच्या युरोपीय कल्पनाहि आल्या. येशूच्या मातेस पांढरी लिली हें निष्कलंकतेचें चिन्ह म्हणून वाहिलें जातें. ख्रिस्ती भाविकांच्या जपमाळेस ‘रोझरी’ म्हणतात. तिच्या लॅटिन नांवाचा मूळ अर्थ गुलाबांची बाग किंवा माळ. प्रत्येक प्रार्थना हें एक गुलाबाचें फूल, आणि सारी जपमाळ हा त्या मातेस घातलेला हार, अशी ती कल्पना. हार करून देवास घालण्याची भाषा या देशांतील लोकांस शिकविण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून वसईच्या ख्रिस्ती घरांत दोन्ही रीति शेजारीं शेजारीं नांदल्या. युरोपांत शुभ्र वस्त्र नवरीचें. हिंदु घरांत मात्र तें एके काळीं वैधव्याचें. परंतु शुभ्र मोगरा व जाई हीं दोहोंकडे सौभाग्याचींच राहिलीं. रंगाचा अर्थ वस्त्राला एक व फुलाला दुसरा, असें एकाच देशांत घडूं शकतें, हें येथें ध्यानांत येतें.

युरोपांत पुढें या अर्थांचे कोशच निघाले. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज सरदाराच्या घरची विदुषी १७१७–१८ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें राहिली होती. तुर्की स्त्रिया फुलें, फळें, मसाल्याचे जिन्नस पाठवून गुप्त निरोप देतात, असें तिनें तेथून लिहिलें. त्या निरोपांतील अर्थ प्रामुख्यानें वस्तूच्या नांवाशीं जुळणाऱ्या यमकावर ठरे; फुलाच्या गुणाशीं त्याचा फारसा संबंध नसे. पण युरोपांतील वाचकांनीं त्यांतून फुलांची एक रहस्यमय भाषाच कल्पिली. १८१९ सालीं पॅरिसमध्यें शार्लोत द लातूर या टोपणनांवानें फुलांच्या भाषेवर पुस्तक निघालें, आणि १८८४ सालीं लंडनमध्यें केट ग्रीनअवे हिचा सचित्र कोश प्रसिद्ध झाला. त्यांत पिवळा गुलाब म्हणजे ओसरतें प्रेम व मत्सर. जेथें हळदीचा रंग हाच मंगलाचा रंग, त्या देशांत हा अर्थ कोणास पटावा? शेवंतीचेंहि तसेंच. फ्रान्समध्यें पहिल्या महायुद्धानंतर ती थडग्यांवर वाहण्याचें फूल म्हणून दृढ झाली. जपानांत सोळा पाकळ्यांची शेवंती हें सम्राटाचें राजचिन्ह आहे. आणि महाराष्ट्रांत ती गौरीच्या पूजेंत व वेणींत असते.

येथवरचा भेद केवळ मौजेचा वाटेल. पण फुलाचा अर्थ राज्यकर्त्यांच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, याचींहि उदाहरणें आहेत. पहिल्या महायुद्धांत फ्लँडर्सच्या रणभूमीवर लाल खसखशीचीं फुलें उगवलीं, आणि १९२१ पासून ब्रिटनमध्यें तें फूल कोटावर लावून मृत सैनिकांचें स्मरण करण्याचा प्रघात पडला. नोव्हेंबर २०१० मध्यें ब्रिटिश पंतप्रधान आपल्या मंडळींसह पेकिंग येथें गेले, तेव्हां हें फूल उतरवावें अशी विनंति त्यांस करण्यांत आली. त्यांनीं ती मानली नाहीं. ब्रिटिशांना त्या फुलांत आपले मृत सैनिक दिसत होते. चिनी लोकांना अफू व अफूसाठीं झालेलीं १८३९–४२ व १८५६–६० चीं युद्धें. माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चीनकडे रवाना होत असे, म्हणून मुंबईच्या लोकांस ही दुसरी स्मृति अगदीं परकी म्हणतां येत नाहीं. जपानांत चेरीचा बहर हें क्षणिक सौंदर्याचें चिन्ह. १९४५ सालीं ज्या बाँबवाहू विमानांत वैमानिकास मरणासाठींच बसविलें गेलें, त्यांस ‘ओका’ म्हणजे चेरीचें फूल असें नांव होतें. गळून पडणें सुंदर असतें, ही कवींनीं शेंकडों वर्षें जपलेली कल्पना सेनापतींनीं उचलली, आणि कोवळ्या तरुणांस मृत्यूकडे धाडतांना तिचा उपयोग केला.

महाराष्ट्रांतहि फुलाच्या अर्थानें एका मोठ्या वर्गास दुःख भोगावें लागलें आहे. वेणी व गजरा हें सौभाग्याचें लक्षण ठरलें, आणि त्याबरोबरच ज्या स्त्रीचा पति निवर्तला तिनें फुलें माळूं नयेत हा निर्बंधहि ठरला. फुलाचा तिच्याकडून कांहीं अपराध झालेला नसे, आणि तिचाहि फुलाकडून नसे. पण शेजारच्या घरीं हळदीकुंकवास मोगऱ्याचे गजरे वाटले जात असतां तिनें माजघरांत बसावें, असें समाजानें ठरविलें. अशा स्त्रियांच्या दुःखास ज्यांनीं वाचा फोडली त्यांच्यांत जोतीराव फुले (१८२७–१८९०) अग्रगण्य होत. त्यांच्या घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यांत पेशव्यांच्या वाड्यावर फुलें पुरविण्याचें काम त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे होतें, म्हणून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. ज्यांच्या पूर्वजांनीं देवघरास व दरबारास फुलें पुरविलीं, त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं गर्भवती ब्राह्मण विधवांसाठीं आपल्या घरीं आश्रय उघडला, आणि पुढें अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतलें.

ही गोष्ट केवळ एकोणिसाव्या शतकाची नाहीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत महाराष्ट्र शासनानें हा कित्ता इतर गांवांनींहि गिरवावा, असें परिपत्रक काढलें. वेणी याच लेण्यांच्या पंक्तींतील आहे. जो अर्थ समाजानें घातला, तो समाजाच्या ठरावानें काढतां येतो, याचा हा पुरावा होय. मेक्सिकोंतला पितरांचा झेंडू जर कोणाच्याहि आज्ञेवांचून दसऱ्याचें तोरण होऊं शकला, तर मोगऱ्यावरील निर्बंध उठविणें माणसास अवघड नसावें.

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांत मोगऱ्याच्या कळ्या अजून पहांटे, उमलण्यापूर्वीं खुडतात, आणि टोपल्या आगगाडीनें दादरच्या फूलबाजाराकडे रवाना होतात. या टोपल्यांतील एक मूठ देव्हाऱ्यांत जाते, एक नवरीच्या केसांत, एक एखाद्या थडग्यावर, तर एक तिरडीवर. कळीस यांतला भेद ठाऊक नसतो; तो घेणाऱ्याच्या मनांत असतो. म्हणून कोणत्या हातानें कोणतें फूल घ्यावें व कोणत्या मस्तकीं तें शोभावें, याचा निवाडा करतांना फुलाची साक्ष काढण्यांत अर्थ नाहीं. तो निवाडा माणसांनींच केलेला आहे, आणि त्याची जबाबदारीहि त्यांच्याकडेच राहते.